तीमारदारी ते परिचर्याशास्त्र : एका पेशाची वाटचाल

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत पालकांची वर्दळ सुरू होते. "सर, मुलीला पुढे काय करावे?" हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. शिक्षिका म्हटले की पालकांचा चेहरा खुलतो. डॉक्टर म्हटले की अधिकच खुलतो, आणि फीचा आकडा ऐकून उतरतो. परंतु "नर्सिंगचा विचार करा की" असे म्हटले की क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी हळूच म्हणतो, "सर, लोकांची घाण काढायला का मुलीला शिकवायचे?"

या प्रश्नाचा राग मानण्याचे कारण नाही. विचारणारा बाप मुलीच्या इज्जतीची काळजी करीत असतो. मात्र हा प्रश्न काही आपल्याच मोहल्ल्यात जन्मलेला नाही. तो लंडनच्या श्रीमंत घरात विचारला गेला, पुण्याच्या पेठांतही विचारला गेला. ज्या समाजांनी त्याचे उत्तर शोधले त्यांच्या मुली पुढे गेल्या. म्हणूनच परिचर्येचा, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत तीमारदारीचा, इतिहास पालक आणि विद्यार्थ्यांसमोर थोडक्यात मांडावा असे मनात आले.

जुने दाखले

रोग्याची सेवा माणसाइतकीच जुनी आहे. आपल्या देशात चरकसंहितेने उपचाराचे चार आधार सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. म्हणजे रोग्याजवळ बसणाऱ्या माणसाला औषधाच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. या परिचारकाचे गुणही चार मोजले आहेत : शुश्रूषेचे ज्ञान, कामातील कौशल्य, रोग्याविषयी ममता आणि स्वच्छता. यात ज्ञान पहिले आले आहे, ममता नंतर. वाचकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

इस्लामच्या आरंभीच्या इतिहासातही शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची नावे आदराने नोंदलेली आहेत. हजरत रुफैदा अल-अस्लमिया या मदिनेतील स्त्रीचा तंबू जखमींसाठी असे. इ. स. ६२७ मधील खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज यांच्या हाताच्या शिरेला बाण लागला. तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना मशिदीतील याच तंबूत ठेवण्यास सांगितले, जेणेकरून जवळूनच त्यांची विचारपूस करता यावी. हजरत उम्मे अतिया यांनी आपण सात मोहिमांत सामील होतो, सैनिकांचे जेवण रांधत होतो, जखमींवर उपचार आणि आजाऱ्यांची देखभाल करीत होतो, असे स्वतः सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. रोग्याची सेवा हे हलके काम आहे असे मानणाऱ्याला या इतिहासात आधार सापडणे कठीण आहे.

पुढील शतकांत हे काम तंबूतून इमारतीत आले. 'बीमारिस्तान' हा फारसी शब्द. अर्थ उघड आहे, आजाऱ्यांचे स्थान. दमास्कसचे नूरी बीमारिस्तान ११५४ सालचे. कैरो येथे सुलतान कलाऊन याने १२८४ साली बांधलेले मन्सूरी बीमारिस्तान तर फारच मोठे होते. तापाचे रोगी वेगळे, डोळ्यांचे वेगळे, शस्त्रक्रियेचे वेगळे, अशी तेथे व्यवस्था होती. स्त्रियांचा विभाग स्वतंत्र होता. पुरुष रोग्यांसाठी पुरुष सेवक आणि स्त्री रोग्यांसाठी स्त्री सेविका नेमलेल्या असत. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले आणि गरीब रोग्यालाही तेथे दाखल होता येई. याच परंपरेतील थोर हकीम अल-राझी (मृत्यू सुमारे इ. स. ९२५) याने रोग्यांच्या तक्रारी, लक्षणे आणि त्यांत पडणारा फरक यांची टिपणे ठेवली. त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी या टिपणांतून मोठा ग्रंथ सिद्ध केला. नीट पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे हा परिचर्येचा पाया आहे. तो किती जुना आहे हे यावरून दिसेल.

हातांची गोष्ट

आता एकोणिसाव्या शतकातील युरोपात येऊ. व्हिएन्ना येथील मोठ्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात दर शंभर बाळंतिणींपैकी अकराहून अधिक मरण पावल्या. दुसऱ्यात तिनाहूनही कमी. गरीब बायका पहिल्या विभागात जायचे नाही म्हणून रडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला या फरकाने झोप येईना. अखेर त्याच्या ध्यानात आले की विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून उठून थेट बाळंतिणींना तपासायला येतात. सुइणी मात्र त्या खोलीत जातच नाहीत. त्याने मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. पुढच्या वर्षी, म्हणजे १८४८ मध्ये, मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले.

तरीही त्या काळच्या अनेक मोठ्या डॉक्टरांनी हे मानले नाही. आपले हात मृत्यू वाहून नेतात हे ऐकणे त्यांना अपमानाचे वाटले. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. आज नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सुरुवातीलाच हात धुणे शिकवतात : साबण आणि पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे काहीही न सोडता. रोग्याला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतरही. पाहणाऱ्याला हा क्षुल्लक धडा वाटतो. पण त्या धड्यामागे व्हिएन्नाच्या शेकडो आया आहेत.

उस्कुदारची बराक

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. हातात दिवा घेतलेली बाई एवढेच चित्र मनात राहते. खरी हकीकत याहून अधिक शिकवणारी आहे.

तिचा जन्म १२ मे १८२० चा. घर सुखवस्तू. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८४५ साली, तिने जवळच्या रुग्णालयात जाऊन काम शिकण्याची परवानगी मागितली. घरात हलकल्लोळ झाला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांतील नर्स म्हणजे अडाणी, दारू पिणारी बाई अशी समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. कुलीन घरातील मुलीने तेथे पाऊल टाकणे आईवडिलांना असह्य होते. आमच्या शाळेत येणारा बाप जे म्हणतो तेच तेही म्हणत होते. ती थांबली, पण घरी बसून रुग्णालयांचे अहवाल वाचीत राहिली. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझरवेर्थ येथे तिने काही महिने शिक्षण घेतले.

क्रिमियाचे युद्ध चालू होते. नोव्हेंबर १८५४ मध्ये ती अडतीस परिचारिकांसह इस्तंबूलसमोरील उस्कुदार येथे पोहोचली. तुर्कस्तानच्या सुलतानाने इंग्रजांना वापरण्यास दिलेली तेथील प्रचंड सेलीमिये बराक हेच रुग्णालय होते. जमिनीवर रांगेने पडलेले सैनिक, तुंबलेली शौचकुपे, उंदीर, अपुरे कपडे. तिने स्वयंपाकघर लावले, कपडे धुण्याची सोय केली, बिछाने मिळवले, रात्री वॉर्डांतून फेऱ्या घातल्या.

पण त्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथे दर शंभर रोग्यांमागे सुमारे बेचाळीस मरत होते. प्रेम होते, कष्ट होते, दिवाही होता, तरी माणसे मरत होती. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून स्वच्छतेची चौकशी करणारे मंडळ आले. त्याने पाहिले तर इमारतीखालची गटारे तुंबलेली होती आणि पाण्याच्या एका वाटेत मेलेला घोडा कुजत होता. पहिल्या पंधरवड्यातच पाचशेहून अधिक हातगाड्या भरून कचरा हलवला गेला. गटारे धुतली, हवा खेळती केली, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

मायदेशी परतल्यावर नाइटिंगेलने हे आकडे पुन्हा पुन्हा तपासले. जखमांपेक्षा रोगांनी आणि घाणीने कितीतरी अधिक सैनिक मारले होते, हे तिला कळून चुकले. तिने ते झाकले नाही. रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. १८५८ साली इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. असा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा उघडली. चरकसंहितेतील तो क्रम येथे आठवावा. ममता हवीच, पण ज्ञानाशिवाय ममता रोग्याला वाचवू शकत नाही. तीमारदारीचे शास्त्र झाले ते येथून.

हिंदुस्थानात

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आली नाही, परंतु इथल्या आरोग्याचा तिने अनेक वर्षे अभ्यास केला. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींत वर्षाला दर हजारी एकोणसत्तर सैनिक मरत असल्याचे १८६३ च्या अहवालात दाखवले गेले. पाणी, गटारे आणि राहण्याच्या जागा सुधारल्यावर पुढील दहा वर्षांत हा आकडा अठरावर आला.

मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली स्त्रिया आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. डॉ. एडिथ पीची यांनी तेथे परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. बाई काशीबाई गणपत ही १८९१ साली मुंबईत शिक्षणासाठी आलेली पहिली हिंदी परिचारिका, असे परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत नमूद आहे.

पुण्याची गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले. ससून रुग्णालयाच्या सहकार्याने तेथील स्त्रिया परिचर्या शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढणार, यावरून सनातनी घरांत केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करता येईल. पण त्या विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

मुस्लिम समाजातही दृष्टी असलेली माणसे होतीच. भोपाळच्या नवाब सुलतान जहां बेगम (कारकीर्द १९०१ ते १९२६) या पडदा पाळणाऱ्या राज्यकर्त्या. त्यांनी आपल्या संस्थानातील दाईंना प्रशिक्षण घ्यायला लावले आणि आरोग्य, बालसंगोपन या विषयांवर उर्दूत पुस्तके लिहिली. याच बेगमसाहिबा १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. त्यांच्या दृष्टीने तालीम आणि तीमारदारी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

पुढील टप्पे झपाट्याने आले. १९०८ साली प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना झाली. १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. केरळच्या ख्रिस्ती कुटुंबांनी ही संधी सर्वांत आधी ओळखली. आरंभी त्यांनाही नातेवाइकांची बोलणी ऐकावी लागली. आज आखातात राहून आलेल्या आपल्या कोकणी बांधवांना विचारा; तिथल्या रुग्णालयात त्यांना भेटलेली सिस्टर बहुधा मल्याळी होती. त्या सिस्टरच्या पगारावर गावाकडे भावंडे शिकली, घर उभे राहिले.

मूलभूत परिचर्या म्हणजे काय

आता त्या बापाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. परिचारिका नेमके करते काय?

व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने याचे सोपे उत्तर दिले. तिची मूलभूत परिचर्येवरील पुस्तिका आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९६० साली प्रसिद्ध केली. तिचे म्हणणे थोडक्यात असे : अंगात बळ असते, इच्छा असती, माहिती असती तर माणसाने जे स्वतःच केले असते, ते परिचारिका त्याच्यासाठी करते, आणि अशा रीतीने करते की तो लवकरात लवकर पुन्हा स्वतःचे स्वतः करू लागेल. अशा चौदा गरजा तिने मोजल्या. श्वास घेणे, खाणे-पिणे, मलमूत्र विसर्जन, हालचाल, झोप, कपडे, अंगाची उष्णता, अंगाची स्वच्छता, धोक्यापासून बचाव, मनातले बोलता येणे, आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना, काहीतरी काम, करमणूक आणि शिकणे. उपासनेची गरजही यादीत आहे हे विशेष. रोग्याला बिछान्यावर तयम्मुम करण्यास किंवा देवाचे नाव घेण्यास सवड करून देणे हाही परिचर्येचाच भाग ठरतो.

आता 'घाण काढणे' याकडे पाहू. बेडपॅन उचलताना शिकलेली परिचारिका पाहत असते. मल काळा आणि डांबरासारखा चिकट दिसला तर पोटात कुठे रक्तस्राव तर होत नाही ना, ही शंका तिला येते. लघवी दिवसभरात फार कमी झाली तर मूत्रपिंडाचे काम बिघडले असेल, म्हणून ती किती पाणी पोटात गेले आणि किती बाहेर आले याचा हिशेब लिहिते. अंग पुसताना माकडहाडावरची लाली बोटाने दाबूनही जात नसेल तर पाठीला जखम होण्याची ही सुरुवात आहे हे तिला कळते. म्हणून ती दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलते. हे न कळल्यामुळे आपल्या कितीतरी घरांत अर्धांगवायूने पडलेल्या वडीलधाऱ्यांच्या पाठी सडल्या आहेत. सेवा करणाऱ्या सुनांनी कष्टात कसूर केली नव्हती, त्यांना कोणी सांगितले नव्हते एवढेच.

नाडी, श्वास आणि ताप यांचेही तसेच. प्रौढ माणसाची नाडी विसावलेल्या स्थितीत मिनिटाला साठ ते शंभर, श्वास बारा ते वीस, ताप तोंडात सुमारे अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा दशांश फॅरनहाइट, हे विद्यार्थिनी पाठ करते. थर्मामीटर एकेकाळी फूटभर लांब असे आणि ताप मोजायला वीस मिनिटे लागत. १८६६-६७ च्या सुमारास टॉमस ऑलबट या इंग्रज डॉक्टरने तो सहा इंचांचा केला आणि पाच मिनिटांत काम होऊ लागले. आता पाऱ्याच्या जागी डिजिटल यंत्र आले तरी चार्टवर वेळेवर आकडा लिहिणारा हात परिचारिकेचाच आहे. डॉक्टर फेरीला येऊन जातो. रात्री तीन वाजता श्वास वाढला हे जागी असलेली परिचारिकाच पाहते.

औषध देताना तर पाच गोष्टी पारखून घ्याव्या लागतात : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. यापैकी एक चुकली तरी जीव जाऊ शकतो. शिवाय पडदा ओढून, अंग झाकून काम करणे आणि रोग्याचे गुपित कोणाला न सांगणे, हेही तिला शिकवले जाते. इज्जत राखणे हा या पेशाचा नियम आहे. मग तो पेशा मुलीच्या इज्जतीला कमीपणा आणणारा कसा होईल?

आपल्यासाठी बोध

आपल्या समाजातील कितीतरी स्त्रिया परपुरुषापुढे दुखणे सांगायला लाजतात आणि ते अंगावर काढतात. स्तनातील गाठ, अंगावरून जाणे, बाळंतपणानंतरचा ताप, या गोष्टी त्या आपली भाषा बोलणाऱ्या, आपल्यातील शिकलेल्या मुलीला निःसंकोच सांगतील. आपल्या बायकांसाठी स्त्री परिचारिका हवी असे म्हणायचे आणि आपली मुलगी मात्र परिचारिका होऊ द्यायची नाही, हे दोन्ही एकत्र कसे जमावे? ती मुलगी मग कोणाच्या घरातून यायची?

पालकांच्या काही शंका रास्त आहेत. रात्रपाळी असते, वसतिगृहात राहावे लागते, काम दमवणारे आहे. म्हणून संस्थेत स्वतः जाऊन वसतिगृह पाहावे, मेट्रनशी बोलावे. अभ्यासक्रमाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही याची खात्री करावी. गल्लीबोळातील अमान्य वर्गांत पैसे घालवून फसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवीला जायचे असेल तर बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घ्यावे, इंग्रजीकडे दुर्लक्ष करू नये. मुलांनीही या पेशाकडे पाठ फिरवू नये. कैरोच्या बीमारिस्तानात पुरुष सेवक होते, आजच्या वॉर्डातही ब्रदर हवेच असतात.

२०२० हे नाइटिंगेलच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिका आणि सुइणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. त्याच वर्षी कोरोनाची साथ आली. नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नव्हता. अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना शेवटचे पाणी पाजणारा हात अनोळखी परिचारिकेचा होता. तेव्हा तो हात कोणत्या घरातला, हे कोणी विचारले नाही.

पुढील वर्षी निकालानंतर पालक पुन्हा शाळेत येतील. कोणाची तरी हुशार, शांत, घरातील आजारी दादीचे सारे करणारी मुलगी असेल. नर्सिंगचे नाव निघाल्यावर तिच्या वडिलांनी नाही म्हणण्यापूर्वी एकदा तिच्याकडे वळून तिला विचारावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.